फूल वरच्या बाजूला आहे

मी एक जुना लोखंडी झरोका आहे. पामीरच्या डोंगरात, गुंत नदीच्या काठी, लोलाबेगमच्या घराच्या छतात मी बसलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणंच गाणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी नाही गाणार. मान वाकवणं माझ्या घडणीतच नाही.

आमच्या घरांच्या छताला मधोमध असा झरोका असतो. चार चौकटी, एकीवर एक रचलेल्या, वर वर लहान होत गेलेल्या. खालची पृथ्वीची, मग पाण्याची, मग वाऱ्याची आणि सगळ्यांत वरची अग्नीची. सूर्याचे पहिले किरण तिलाच शिवतात. हा झरोका लाकडाचा करायचा, असं पूर्वापार चालत आलेलं. पण लोलाबेगमचा लाकडी झरोका एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने मोडला, आणि तसं जाड लाकूड दरीत कुठेच मिळेना. वसंतात तिच्या मुलीचं, सवसनचं, लग्न ठरलेलं. सवसनचा बाप देवाघरी गेलेला. त्याने बांधलेल्या घरातूनच, त्या झरोक्याखालूनच मुलीची पाठवणी व्हावी, एवढीच त्या माऊलीची इच्छा होती.

"माझं घर आहे की! तिथून पाठवू," सवसनचा मामा ओशुरबेक म्हणाला.

"तुझं घर मोठं आहे रे. पण ते तिच्या बापाचं नाही," लोलाबेगम म्हणाली, आणि तडक लोखंडकाम करणाऱ्या उस्ताद पैरवशोकडे गेली.

उस्तादांचा कारखाना पुलाजवळ. बांधकामांसाठी जिने, कठडे, फाटकं ते मापाबरहुकूम करून देत. त्यांच्या अंगणात एका मोडक्या ट्रकचा सांगाडा पडला होता. तो सांगाडा म्हणजे माझा मागला जन्म. साऱ्या खिंडी मी पाठीवर ओझं घेऊन ओलांडल्या होत्या.

माप घ्यायला उस्ताद चुलीजवळ चक्क उताणे पडले. भूकंपाने घर एका अंगाला कललेलं, म्हणून छताच्या भोकाचा एकही कोपरा सरळ नव्हता. तयार चौकट तिथे बसलीच नसती. वर पाहत पाहत त्यांनी छातीवर धरलेल्या पत्र्यावर खडूने प्रत्येक वाकडा कोपरा उतरवला.

"झोपला की काय उस्ताद?" मामाने विचारलं.

"झोपलो तर घोरेन. अजून ऐकू येतंय का?"

मग मला कापलं, तापवलं, जोडलं. ठिणग्यांची दिवाळीच ती! माझी घरातून दिसणारी बाजू उस्तादांनी कानशीने घासून गुळगुळीत केली, आणि सगळ्यांत वरच्या चौकटीवर सूर्यासारखं फुललेलं एक फूल कोरलं. छताकडची बाजू मात्र तशीच राहिली, वेल्डिंगच्या फोडांनी भरलेली. तिथे कोण बघणार होतं?

लग्नाच्या दिवशी सकाळी मला छतावर चढवलं. आणि मी बसेना! एक कोपरा अडे, दुसरा अधांतरी राही. उस्तादांनी कपाळावर हात मारला. उताणं पडून, वर पाहत काढलेलं माप त्यांनी जमिनीवर, खाली पाहत जोडलं होतं. डावं ते उजवं झालं होतं.

मामा खालून हसला. "वाऱ्याने उडालेल्या टोपीसारखा दिसतोय तुमचा झरोका! मी आधीच सांगत होतो. लोखंडाखालून मुलगी पाठवायची? ती काय तुरुंगातून सुटतेय? चला, उचला सामान. माझ्या घरी चला."

सवसन लग्नाच्या लाल कपड्यांत दारात येऊन उभी राहिली. "मामा, मी इथूनच निघेन. नाहीतर निघणारच नाही."

लोलाबेगम शिडी चढून वर आली. मला एकदा नीट पाहिलं. "उलटा करा त्याला," ती म्हणाली.

"एकेक चौकट पालटली तर बसेल हो," उस्ताद म्हणाले. "पण फूल आभाळाकडे जाईल आणि हे फोड खाली दिसतील. येणारा जाणारा म्हणेल, पैरवशोला काम येत नाही."

"सवसनच्या बापाच्या हातांवर असेच फोड असायचे, उस्ताद. त्या हातांच्या आधाराने मी संसार केला. करा उलटा."

मला पालटलं. आणि काय सांगू मित्रांनो, कुलपात किल्ली बसावी तसा मी बसलो.

मामा तरीही पुटपुटतच होता. तेव्हा चुलीशेजारी बसलेले म्हातारे बोबो शोनझर हसले. रबाब छातीशी धरून भक्तीची पदं गाणारे, गाता गाता निरूपण करणारे बोबो! त्यांच्या तोंडून देवाचं नाव ऐकायला सारी दरी लोटायची.

"ओशुरबेक, वरची चौकट कोणाची?"

"अग्नीची. पोरंही सांगतील."

"लाकूड आगीत गेलं तर काय उरतं?"

"राख."

"आणि हा तर आगीतूनच आलाय. मग तिथे बसायचा हक्क कोणाचा रे, बाळा?"

मामाने दाढी खाजवली. बोबोंनी तारा छेडल्या आणि ते गाऊ लागले. तो सूर माझ्या अंगातून झिणझिणत आभाळात गेला. माझ्याखालून सवसन निघाली. आईने शुभशकुन म्हणून तिच्या उजव्या खांद्यावर पीठ शिंपडलं. माझ्यातून उतरणाऱ्या उन्हात ते क्षणभर तरंगत राहिलं. मामाने डोळे पुसले आणि धुरावर खापर फोडलं. चूल तर केव्हाची विझली होती!

आता मी म्हातारा झालो आहे. सांध्यांना गंज चढतो. मामाचा नातू परवा म्हणाला, "काढून टाकू हा, चकचकीत प्लास्टिकचा घुमट बसवू. नाहीतर निदान हे फोड तरी घासून टाकू." खबरदार! गंज खुशाल खरवडा, वर्षाकाठी तेलाचा हात फिरवा, बर्फ साचू देऊ नका. एवढं मी हक्काने मागतो. पण फोडांना कानस लावायची नाही. हे घर वाकडं आहे आणि मी त्याच्याच मापाचा वाकडा आहे. दुसरा कोणीही इथे बसणार नाही.

सवसन आजही दर वसंतात नवरोजच्या सणाला माहेरी येते, छतावर चढते आणि माझ्या अंगावरचं बर्फ हलक्या हाताने लोटते. खालून पाहणाऱ्यांना माझे फोडच दिसतात. दिसू देत. माझं फूल ज्याच्याकडे तोंड करून फुललंय, तो रोज पाहतो. तुम्हालाही पाहायचं असेल, मित्रांनो, तर झाडू घ्या आणि वर या.