पाचवा अर्ज

“नाव सांग,” मी तिसऱ्यांदा म्हणालो आणि केवळाबाईनं तिसऱ्यांदा पदर तोंडापर्यंत ओढून कचेरीच्या भिंतीकडं पाहिलं.

नवऱ्याचं नाव. आता आली का पंचाईत! नाव मला पाठ होतं. पण अर्जदार बदलला की त्यानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, हा माझा शिरस्ता. मी दत्तोपंत, नांदेडच्या कचेरीबाहेरचा अर्जनवीस. लोकांचं रडगाणं ऐकायचं आणि सरकारी उर्दूत उतरवायचं, एवढंच काम. एकवीस वर्षांत त्याचा इतका वीट आला होता, की माणसानं तोंड उघडायच्या आत मजकूर माझ्या डोक्यात तयार व्हायचा.

हिच्या नवऱ्याचा मजकूर तर ठरलेलाच. श्रीमंत वल्द अमृतराव, अर्धापूरजवळच्या खेड्यातला, निजामाच्या फौजेत शिपाई. पलटणीबरोबर मलायात गेला, तिकडं जपान्यांनी सिंगापूर घेतलं आणि ह्याचे कागद यायचे बंद झाले. मग दरसाल दिवाळी झाली की सासरा अमृतराव यायचा, नाव सांगायचा, मी लिहायचो. तीन अर्ज गेले, तीन जबाब आले. या नावाचा शिपाई दफ्तरात नाही. लढाई संपली, कैदेतली माणसं हाडांची काडं होऊन का होईना घरी आली, पण हा आला नाही. सासऱ्याबरोबर सूनही यायची. पण त्याच्यापुढं कशी बसणार? लांब लिंबाखाली पाठमोरी बसून राहायची. यंदा संक्रांतीला म्हातारा गेला. म्हणून ती एकटी आली होती.

ऊन चढलं होतं, मागं दोन माणसं खोळंबली होती. मी वैतागून म्हणालो, “बरं बाई, मीच नाव घेतो, तू नुसती मान हलव. श्रीमंत वल्द अमृतराव.”

तिनं मान हलवली. पण आडवी.

“अगं, हे नाव नव्हं?”

“घरचं हाय ते,” ती पदरातून बोलली. “फौजंत त्यास्नी त्या नावानं कोण वळखतंय?”

मी बोरू खाली ठेवला. मग अडखळत, मधेच थांबत तिनं सांगितलं ते असं. भरतीच्या वेळी श्रीमंतचं वय दीड वर्षानं कमी पडलं. थोरला भाऊ पटकीनं गेलेला, त्याचं वय बसत होतं, म्हणून ह्यानं त्याचंच नाव दिलं. मेलेल्या लेकाचं नाव घेऊन हा लढाईवर गेला, हे कळलं तर बापाला सोसायचं नाही. म्हणून शेवटच्या रजेत एकट्या बायकोला सांगितलं आणि बापाला सांगणार नाही अशी शपथ घातली. तिनं ती पाळली. कागदावर कुठलं नाव पडतं हे तिला कसं कळणार? सासरा पुढं, ती लिंबाखाली. तिला वाटायचं, सरकारला खरं नाव ठाऊक असेलच.

“एवढ्या वर्षांत सांगायचं नाही का?” मी चिडून विचारलं.

“कोणी इचारलंच न्हाई, पंत.”

खरंच होतं ते. मी नाही विचारलं. नवऱ्याची चौकशी मी सासऱ्याकडं केली, बायकोकडं नाही. लाज वाटली मला, स्वतःची. थोरल्या दिराचं नाव तर तिला त्याहून वर्ज्य, म्हणून मीच ते उच्चारलं. म्हातारा दर खेपेला त्या लेकाची आठवण काढायचाच. शेषेराव. या वेळी मान उभी हलली, आणि त्या नावानं चौथा अर्ज गेला.

पाच आठवड्यांत जबाब आला. पहिल्या तीन वेळी सहा-सहा महिने लागले होते. केवळाबाई बाजाराच्या दिवशी आली, लिंबाखाली न जाता सरळ माझ्यापुढं बसली. मी दोनदा चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. शेषेराव वल्द अमृतराव, शिपाई, जपान्यांच्या कैदेत तापानं मयत, जून एकोणीसशे त्रेचाळीस. माझा पहिला अर्ज त्याच सालच्या दिवाळीनंतरचा. म्हणजे म्हातारा पहिल्यांदा कचेरीच्या पायऱ्या चढला, तेव्हाच सगळं संपलेलं होतं. जोडीला एक कागद होता. मयताचं पदक मिळेल. त्यासाठी त्याच्या बेवेनं अंगठा द्यावा. बेवा म्हणजे विधवा, हे मी तिला हळू आवाजात सांगितलं.

ती रडली नाही. मी शाईची डबी पुढं सरकवली.

“कुणाची बेवा ल्हिवलंय?” तिनं विचारलं.

“शेषेरावची.”

“थोरले भावजी पटकीनं गेले, तवा मी ह्या घरात आलेबी नव्हते. त्यांच्या नावानं मी रंडकी व्हऊ?”

“केवळाबाई, हे कागदाचं नाव आहे गं. माणूस तोच.”

“मला कळतंय, पंत. मी येडी न्हाई. माझं जे जायाचं ते गेलं. पर भावजींची बायको म्हणून मी अंगठा देणार न्हाई. ह्यांचं नाव कुठल्या कागदावर गेलेलं हाय, ते दावा मला.”

कुठल्याच नव्हतं. माझ्या पेटीतल्या तिन्ही जबाबांत फक्त एवढंच होतं, की असा शिपाई नाही.

तिनं डबी परत माझ्याकडं सारली. “दुसरा अर्ज ल्हिवा. ह्यांच्या नावाचा.”

जबाब काय येणार, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी कोरा कागद घेतला. मजकूर पाठ होता, तरी बोरू उचलून तिच्याकडं बघत राहिलो. आता विचारल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

“नाव?”

तिनं पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला एकच वाट असते, ती तिनं धरली. कचेरीच्या पायरीवर, शिपाई-पट्टेवाल्यांच्या देखत, लग्नातला उखाणा तिनं सावकाश घेतला.

“केळीच्या बागंत भरली घागर, श्रीमंतरावांच्या जोडीनं ग्वाड लागे भाकर.”

मागं खोळंबलेलं कुणी हसलं नाही. मी लिहिलं, श्रीमंत वल्द अमृतराव. आणि खाली अर्जदाराच्या जागी, जौजा, म्हणजे बायको. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि त्या शब्दाशेजारी नीट दाबून उठवला.