पान्यावरचे फूल

"कुठला बसवायचा, तुकोजीराव?" अनंतकृष्णांनी दुसऱ्यांदा विचारले.

पहिल्यांदा विचारलेले तुकोजीरावांपर्यंत पोहोचलेच नव्हते. आता ते त्यांच्या ओठांकडे बघत होते.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या छोट्या गॅरेजात फळीवर दोन ऑइल पंप शेजारी शेजारी ठेवले होते. एक गाडीबरोबरच आलेला, जुना, काळपट. दुसरा अनंतकृष्णांनी बेंगळूरहून आणलेला, नवा, आकाराने मोठा. समोर त्यांच्या वडिलांची मोटार उभी होती, स्वातंत्र्याच्या आधीची. तिचे इंजिन खोलून पुन्हा बांधून झाले होते. पंप आणि खालची तेलाची टाकी, एवढेच बसवायचे राहिले होते.

ऑइल पंप म्हणजे एका डबीत एकमेकांत दात अडकवून फिरणारी दोन चाके. तळाचे तेल उचलून ती इंजिनाच्या प्रत्येक सांध्याला पोहोचवतात. ती थांबली तर लोखंडावर लोखंड घासते, तापते आणि चालते इंजिन जागच्या जागी आवळून बसते. जुन्या पंपाच्या झाकणावर चर पडले होते. तुकोजीरावांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट केले होते. पंप कामाला तयार होता. नवा पंप जास्त तेल ओढणारा. पण त्याला फिरवणारे पितळी चाक मात्र गाडीचे जुनेच. एवढा भार त्याला झेपतो का, हे इंजिन सुरू करून कानानेच ठरवावे लागते. पितळ दमले की बारीक रडते.

आणि गेल्या वर्षापासून तुकोजीरावांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. हे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते.

"नवाच घालू, सर," ते म्हणाले. "डायलवर तेलाच्या दाबाचा काटा वर राहील. डोळ्याला दिसेल."

"तुम्हीच म्हणाला होता की, जुना बरा म्हणून."

"म्हणालो असेन. आता नवा म्हणतो."

"आयतु, झालं तर. तुमचं ठरलं म्हणजे आमचं ठरलं," अनंतकृष्ण हसले. "अम्मा तर पिशवी भरून बसलीय. विजयादशमीला तलकाडला जायचं, याच गाडीनं. अप्पांबरोबर गेली होती तशी. मी म्हटलं टॅक्सी करतो, तर माझ्याशी बोलायचं बंद."

अम्मा म्हणजे त्यांच्या आई, सुमित्राबाई. नव्वदीला टेकलेल्या. अनंतकृष्ण गेल्यावर तुकोजीरावांनी नवा पंप उचलला आणि त्यांना दिसू लागले ते तलकाडच्या वाटेवरचे ऊन, आवळून बसलेले इंजिन आणि मागच्या सीटवर ती म्हातारी, पाण्याविना. घाम पुसून त्यांनी पंप बसवला. बोल्ट आवळताना काटा दिसेल, काटा दिसेल, असे ते स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मोहल्ल्यातली सगळी गॅरेजे बंद, दाराला केळीचे खांब. फळीवर पाने, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडलेले. प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर शेवंतीचे फूल. पुजलेले हत्यार विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत उचलायचे नाही. तुकोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. तलवारी गेल्या, पाने आले, नेम तोच राहिला.

अनंतकृष्ण आले. गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेवली आणि इंजिन सुरू केले. डायलचा काटा सर्रकन वर चढला.

"फर्स्ट क्लास," अनंतकृष्ण म्हणाले.

तुकोजीरावांनी मात्र काट्यावरून नजर काढली, कारण आरतीचे ताट घेऊन येणाऱ्या त्यांच्या पत्नी भागीरथीबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. गॅरेजामागच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी आयुष्यभर इंजिनेच ऐकली होती.

लिंबे चिरडली गेली, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून झाला. "सकाळी घेऊन जातो," म्हणून अनंतकृष्ण गेले.

"काय झालं?" तुकोजीरावांनी विचारले.

"गाडी रडते की हो. बारीक."

"नवा पंप आहे. बसेल."

"तुम्हाला ऐकूच आलं नाही," भागीरथीबाई म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्या.

तुकोजीराव चिरडलेली लिंबे गोळा करू लागले.

"कुकर शिट्ट्या मारून थकतो. शेजारची गोदा येऊन विचारते, भाग्यक्का, कुकर का ओरडतोय? आणि तुम्ही बाजूला बसून सुम्ने, आपले निवांत, पेपर वाचताय. मला काय कळत नाही?"

"भीती वाटली," ते हळूच म्हणाले. "कानाचा भरवसा नाही, म्हणून काट्याचा धरला."

"मग आता?"

"पितळ घासतंय. तलकाडपर्यंत टिकेल, नाही टिकणार, कोण सांगेल? आणि हत्यारं तर पुजलीयत." त्यांनी फळीकडे पाहिले. "वर्षाचा सण. मोडला आणि उद्या त्या म्हातारीला काही झालं तर?"

भागीरथीबाईंनी फळीला हात जोडले. मग मोठ्या पान्यावरचे फूल उचलून देवापाशी ठेवले आणि पाना नवऱ्याच्या हातात दिला.

"न मोडता काही झालं तर?" त्या म्हणाल्या.

भर दुपारी, दार ओढून घेऊन, तुकोजीराव गाडीखाली शिरले. टाकी उतरवली तेव्हा तेलात पितळेची सोनेरी चूर चमकत होती. चाकाच्या दातांच्या कडा नुसत्या उजळल्या होत्या. अजून शाबूत होत्या. त्यांनी चाक पुसले, तेल बदलले, जुना पंप बसवला.

इंजिन सुरू झाले. काटा मध्यावर येऊन थांबला.

त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली. फक्त थरथर जाणवली. मग त्यांनी मूठ भागीरथीबाईंकडे केली.

"तू ऐक. सकाळी सरांना सगळं सांगतो. पंप का बदलला तेही."

भागीरथीबाईंनी पदर मागे सारला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. मुठीचे कुंकू त्यांच्या कानाला लागले. इंजिन चालत होते. तुकोजीराव त्यांच्या कपाळाकडे बघत उभे होते. आठी हळूहळू सुटत गेली.