मला काका नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो. मी सुतार. दिवसभर माझं ड्रिल घुर्र घुर्र करतं, म्हणून पुतणी मला "भुंग्या" म्हणते. आठ वर्षांची पोर! चारचौघांत "ए भुंग्या" ऐकलं की मी चिडायचो. "अगं, काका म्हण की! जीभ झिजते का?" ती दात काढून हसायची.

त्या सोमवारी दुपारी ड्रिल बंद करून बघतो तर दारात इन्स्पेक्टर मॅडम. त्यांच्याकडून कळलं ते असं: शाळा सुटली तरी पोर वर्गातून हलेना, बाईंनी जवळ घेतलं तेव्हा म्हणाली, "काका दार लावून घेतात. कोणाला सांगायचं नाही म्हणतात." बाईंनी ते तिच्याच शब्दांत लिहून मोठ्या बाईंना दाखवलं, आणि त्यांनी तडक पोलिसांना फोन केला. त्यानंतर पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच.

"काका तुम्हीच ना?" मॅडमनी विचारलं.

चौकीपर्यंत मी शाळेचा आणि त्या बाईंचा उद्धार करत गेलो. तिथे बाकावर वहिनी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोरीला जवळ ओढून घेतलं. माझा सगळा राग तिथेच गळाला. तिचं काय चुकलं? कुठलीही आई तेच करेल.

तेवढ्यात शाळेच्या बाई धापा टाकत आल्या, हातात निबंधाची वही. मॅडमपुढे पान उघडलं. 'माझे कुटुंब. आमच्या घरी आई, बाबा आणि भुंग्या आहे. भुंग्या बाबांचा भाऊ आहे. मला काका नाही.' खाली लाल शाईत शेरा: 'बाबांच्या भावाला काका म्हणतात!'

"हा शेरा माझाच," बाई म्हणाल्या. "ही यांना काका म्हणतच नाही हो. मग काका कोण?"

आपल्यात काय, दिसेल तो पुरुष काका! दूधवाले काका, रिक्षावाले काका. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "शिकवणीचे काका," ती म्हणाली. "आमच्या वरच्या मजल्यावरचे."

मॅडमनी मला लगेच सोडलं नाही, आणि बरोबरच केलं. त्या शिकवणीला पलीकडच्या शाळेचीही मुलं जायची. त्या शाळेच्या सरांनी तासाभरात यादी दिली, गाजावाजा न करता पालकांना बोलावलं. आणखी दोन मुलं बोलली. संध्याकाळी त्या शिकवणीवाल्याला धरून नेलं. त्याच्या कपाटात काय सापडलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. बाईंपुढे हात जोडले, पण एवढी माझी तिखट जीभ, ऐन वेळी अडली. "फार शिव्या घातल्या तुम्हाला," एवढंच म्हणालो.

"घाला हो," बाई म्हणाल्या. "पोर बोलली ना, मला तेवढं पुरे."

त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. त्यांच्या वर्गातली डुगडुगणारी बाकं तेवढी ठोकून दिली.

आठवडाभराने मी फळीला भोकं पाडत होतो, तर पोर हळूच शेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"तू चिडतोस ना? आता तुला काका म्हणू?"

"खबरदार!" मी ओरडलो, आणि मला रडूच फुटलं. "भुंग्याच म्हण, बाळा."