मेणातलं हाड

कडेगावच्या बाहेर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मांडव पडला होता. खाटेवर आणलेल्या म्हाताऱ्या, कुबड्या घेतलेली तरणी पोरं, पाय ठेवायला जागा नव्हती. आणि पुढच्या मोठ्या पडद्यावर माझ्याच एका भाषणाचा व्हिडिओ लावलेला, त्यात चक्क मी बोलत होते, "मधमाश्या ज्यानं पोळ्याच्या फटी बुजवतात, त्या डिंकासारख्या पदार्थात जंतू मारण्याचा गुण आहे..." इथंच माझं वाक्य कापलेलं.

"ऐकलं का?" मोहोळबाबानं माइक उचलला. "सांगलीची हाडाची डॉक्टरीण बोलतीया! सायन्साला आत्ता कळलं, ते मोहोळमातेनं मला सपनात कवाच सांगितलंय!"

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापलेलं वाक्य असं होतं: 'पण हे अजून प्रयोगशाळेत चाललंय, माणसावर आम्ही काहीही केलेलं नाही.' हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा जाळीदार तुकडा आम्ही बनवतो आणि त्यात हा डिंक मिसळतो. हाडातली पोकळी त्यानं भरावी, नव्या हाडाला वाढायला आधार मिळावा, जंतूंनी तिथं घर करू नये, एवढीच आशा. त्या आशेवर या भामट्यानं दुकान थाटलं होतं.

दुकानाची रीत ठरलेली. पळसाच्या पानात बांधलेला मेणाचा लेप घरी न्यायचा, देव्हाऱ्यात ठेवायचा आणि पुढच्या गुरुवारी न उघडता परत आणायचा. उघडला तर अवयव झडणार! गुरुवारी बाबा बाह्या सारून लेप जखमेवर दाबायचा, मेण फोडायचा आणि आतून काळं हाड काढून दाखवायचा. रोग्याचं कुजकं हाड म्हणे मेणानं ओढून घेतलं. लेप इतके दिवस घरच्या देवापाशी होता, मग हातचलाखीचा संशय घेणार कोण?

मी मात्र तमाशा बघायला गेले नव्हते. मी मल्हारसाठी गेले होते. हा कुपवाडच्या फाउंड्रीत कामाला जाणारा पोरगा. मोटारसायकलवरून पडून नडगी मोडली, मी सळी घातली. पुढं जखमेतून पू यायला लागला, तेव्हा माझ्याकडे यायचं सोडून आई सुलाबाईनं त्याला बाबाकडे नेलं. आदल्या संध्याकाळी तापानं फणफणलेला मल्हार माझ्याकडे परत आला, तेव्हा पायाचा वास दारातूनच येत होता.

"आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा," मी म्हणाले.

"न्हाई म्याडम. सुई टोचली की लेप मरतो म्हणल्यात बाबा." सुलाबाईनं पदराखालचं पुडकं घट्ट धरलं. "घरात कुणाचा विटाळ व्हईल म्हणून संगंच आणलाय."

मी ओरडणारच होते, तेवढ्यात मल्हार कण्हत म्हणाला, "ताई, न उघडता आत बघता येतंय न्हवं तुमास्नी? माझ्या पायाचं बघता तसं?"

आम्ही पुडक्याचा एक्स-रे काढला. एक धागाही सुटला नाही. फिक्या मेणाच्या मधोमध पांढरं हाड आडवं पडलं होतं.

"आई, लेप अजून पायाला लागलाबी न्हाई," मल्हार म्हणाला. "मग माझं हाड आत गेलं कसं?"

सुलाबाईनं पुडकं पुन्हा पदराखाली घेतलं. "उद्याच गुरुवार हाय. लेकराला तुमी सुई लावा. पर मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

म्हणून आम्ही दोघी मांडवात होतो. सुलाबाईचा नंबर आला.

"पोरगं कुठाय?" बाबानं विचारलं.

"सांगलीत. लय ताप हाय."

बाबा अडखळला. पण भरला मांडव सोडवतो कुणाला? "असूं दे! आईची ओटी म्हंजी लेकराचा पाय. माता तिथनंबी ओढून आणंल!" त्यानं पुडकं तिच्या ओटीत दाबलं.

मी एक्स-रे उंच धरून उभी राहिले. "फोडण्याआधी मी सांगते आत काय आहे. बोटाएवढं हाड, जरा वाकडं, एक टोक करवतीनं सरळ कापलेलं. हा कालचा फोटो."

"गप बसा! मातेचा कोप व्हईल!" बाबानं पुडकं उचलायला हात घातला. सुलाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं मेण स्वतःच फोडलं. हाड बाहेर पडलं. बोटाएवढं, वाकडं, टोक सरळ कापलेलं. तिनं ते पदरानं पुसलं. काजळी पदराला लागली आणि खालून रविवारी रश्श्यात चोखतो ती मटणाची नळी निघाली. बाबा ती मेणात आधीच घालून देत होता. लोक तिला आपल्या हातानं घरी नेऊन तिची पूजा करत होते.

"माझं लेकरू सांगलीत पडलंय," सुलाबाई ओरडली, "अन् त्याचं हाड हितं कसं निघालं रं?"

बाबा मांडवामागून सटकला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार मीच दिली. तरीही काही बाया पुडकी कवटाळून बसल्या होत्या, याचा मला आजही संताप येतो.

मल्हारचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विष रक्तात उतरलं होतं, पाय ठेवला असता तर पोरगं गेलं असतं. पू दिसला तेव्हाच तो आला असता, तर पाय वाचायची चांगली आशा होती. शुद्धीवर आल्यावर त्यानं चादरीवरून हात फिरवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"देवाला कौल लावला, गुरवाला इचारलं, शेजारणीला इचारलं," सुलाबाई मला म्हणाली. "बाबाला तेवढं इचारलं न्हाई, आत काय हाय म्हणून."

तेवढंच विचारा. लेप असो, अंगारा असो, नाहीतर माझं औषध असो. आत काय आहे? कुणी तपासलं? कुणावर तपासलं? मी तापट बाई आहे, पण या प्रश्नांवर कधी चिडणार नाही. जो चिडेल, कोपाची भीती घालेल, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.