यंदा कुणी उठायचं नाही

थोरलीचा जन्म मागायच्या आत देण्यात चालला होता. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर ती. डॉक्टरांनी नुसता हात पुढे करायचा, की हवं ते हातात पडायचं. तोंडानं मागायची वेळ आली तर ती चूक सिस्टरची, असं ती नव्या मुलींना शिकवायची. तिच्या टेबलावर सगळं ओळीनं मांडून पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं असे. कात्री कुठे आणि चिमटा कुठे, ते तिनं झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं.

त्यामुळे वर्षअखेरच्या सुट्टीतली घरची पार्टी यंदा तिच्याकडे ठरली, तेव्हा तिला घाम फुटला नाही. नवऱ्याला फुटला.

"सगळे येणार?" त्यानं विचारलं.

"सगळे म्हणजे कोण? भाऊ, भावजय, धाकटी आणि बाबा. चार माणसं."

"तुमच्याकडची चार म्हणजे चाळीस. तुझ्या आईच्या पार्टीत मी एकदा पडदा धरून उभा होतो तासभर. का धरला होता, ते अजून कळलेलं नाही."

तो पडदा आईनंच त्याच्या हातात दिला होता. आईची पार्टी म्हणजे नुसता गोंधळ. ऐन वेळी मीठ संपायचं, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणायच्या, केक एका अंगानं बसायचा, आणि आई घामाघूम होऊन प्रत्येकाच्या हातात काहीतरी कोंबत फिरायची. "तू कांदा चिर. तू ग्लास पूस. आणि तुला काही येत नसेल तर निदान वाटेतून बाजूला हो." बाबांना खरंच काही येत नसे, म्हणून त्यांच्यापुढे शेंगांचा ढीग. पार्टीतला भात वाटाण्यांचा, आणि वाटाणे बाबांनी सोललेले. सगळे जेवून उठले की आई बसायची आणि गार झालेलं खायची, तेही अर्धं उभ्यानं. आईच्या पार्टीत आई सोडून सगळे असायचे.

आई गेली, त्या वर्षी सुट्टीत कुणाला काही सुचलं नाही. पुढच्या वर्षी सगळे हॉटेलात भेटले. जेवण बरं होतं. बोलणं हवापाण्याचं झालं, आणि हवा त्या दिवशी साधारणच होती. तासाभरात ज्यानं त्यानं कोट चढवला. यंदा मधल्या भावाचा फोन आला.

"ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. या वर्षी तुझ्याकडे एकदा बघू. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून आपापल्या घरी. फोनवर बोलूच की."

ते 'फोनवर बोलूच की' थोरलीला लागलं. बाबांच्या दोघी बहिणीही एकमेकींशी फोनवर बोलणारच होत्या. आता एकीची खुशाली दुसरीला तिसऱ्याकडून कळते.

तेव्हा पार्टी जमायलाच हवी होती. आणि आईसारखी धावपळ करून नव्हे. या घरात सुट्टीच्या दिवशी कुणी घाम पुसणार नाही, कुणी कुणावर खेकसणार नाही, सगळे एकत्र बसतील आणि गरम गरम जेवतील, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

रोज कामावरून आल्यावर ती एकेक उरकत गेली. सूप करून फ्रीजरमध्ये गेलं. केक दुकानातून आला, दोन्ही अंगांनी सारखा. वाटाणेसुद्धा सोललेले, पाकिटातले. पार्टीच्या सकाळी टेबलावर ताटल्या, वाट्या, चमचे, पेले एका रेषेत लागले, आणि सगळ्यावर तिनं पांढरंशुभ्र कापड पसरलं. मग ती आरामात आंघोळीला गेली. आईला या दिवशी निवांत आंघोळ कधी मिळाली नव्हती, हे तिला साबण लावताना आठवलं आणि उगाच भरून आलं.

मधला आणि त्याची बायको आधी आले. मधल्यानं टेबल पाहिलं.

"पेशंट कुठाय?"

"गप रे."

"नाही, मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये. ऑपरेशन माझंच असेल तर बरंच झालं."

भावजय एरवी ताई म्हणायची, चेष्टेवर आली की वन्सं. "वन्सं, हात कुठे धुवायचे? कोपरापर्यंत धुवायचे ना?"

हसणं झालं. थोरलीला वाटलं, चला, सुरुवात तर छान झाली. तेवढ्यात धाकटी आली आणि सवयीनं सरळ स्वयंपाकघरात शिरली. ओटा लखलखीत. ती बाह्या सरसावून तशीच उभी राहिली.

"ताई, मी काय करू?"

"काही नाही. तू बस."

"अगं, पण काहीतरी..."

"सगळं झालंय. यंदा कुणी उठायचं नाही. बस जा छान."

बाबा शेवटी आले. बसनं आले होते, हातात कापडी पिशवी. थोरलीनं पिशवी घेऊन आत डोकावलं, तर हिरव्यागार वाटाण्याच्या शेंगा. गच्च भरलेल्या.

"म्हटलं, लागतील," बाबा म्हणाले. तिनं नर्सिंगला नाव घातलं तेव्हापासून ते तिला सिस्टर म्हणत. "कवळ्या आहेत, सिस्टर. एकेक निवडून घेतल्यात."

"अहो बाबा, कशाला ओझं आणलंत? भात तयार आहे माझा. या पुढच्या आठवड्यात होतील." तिनं पिशवी फडताळात ठेवून दिली. "तुम्ही बसा. एकदम आराम."

बाबा बसले. म्हणजे त्यांच्याच वाटाण्यांनी त्यांनाच वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या, पण हे लक्षात यायला थोरलीला सवड नव्हती. ती सगळ्यांना आराम देण्यात गुंतली होती.

आणि आराम मिळालाही. भावजयीनं घसा खाकरला, तर पाण्याचा पेला हजर. मधल्यानं पाठ हलवली, तर उशी आली. धाकटीनं रिकामी बशी उचलायला हात पुढे केला, तर तो हात पोचेपर्यंत बशी गेलेली. कुणाला काही मागावं लागलं नाही. म्हणून मग कुणी काही बोललंही नाही. सगळे सोफ्यावर असे बसले होते, की जणू आता कुणीतरी बाहेर येऊन नंबर पुकारेल.

"थंडी कमी आहे नाही यंदा," भावजय म्हणाली.

"हो, कमीच आहे," धाकटी म्हणाली.

मधल्यानं खिशातून फोन काढला.

नवरा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला, "अगं, मला तरी पडदा दे धरायला."

"तू पण सुरू नको होऊ."

"मी काय म्हणतोय, शांत झालीय पार्टी."

"शांतच हवी होती."

"हो, पण इतकी?"

ती शेगडीकडे वळली. सूप गरम झालं होतं. आता वाढलं की सगळे जेवतील, छान झालं म्हणतील, कोट चढवतील, आणि पुढच्या वर्षी फोनवर बोलतील. भांडं दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर आली. बाबा सोफ्यावर नव्हते.

ते दाराजवळच्या स्टुलावर होते. पायांत बूट.

"बाबा?"

"काही नाही गं. उजेड आहे तोवर बस मिळालेली बरी. छान केलंस सगळं. खरंच."

"जेवल्याशिवाय?"

"तुझं सगळं झालेलं आहे, सिस्टर," बाबा म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता, तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले ते. "माझ्यावाचून काय अडतंय?"

थोरली भांडं धरून उभी राहिली. तिची नजर गेली ती त्यांच्या हातांवर. चेहरे वाचणं तिला कधी जमलं नव्हतं. थिएटरात चेहरे अर्धे झाकलेलेच असतात. हात मात्र ती ओळखायची. बोटं कशी वाकली की काय हवंय, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. बाबांचे हात मांडीवर होते. डावा तळवा उताणा, आणि उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावर हलकेच दाबत होता, सरकत होता, पुन्हा दाबत होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तिनं भांडं नवऱ्याच्या हातात दिलं. "धर."

"कुठे ठेवू?"

"धरून उभा राहा."

फडताळातून तिनं पिशवी काढली, टेबलावरचं कापड ओढून ताटल्या सरळ कोपरानं एका बाजूला लोटल्या, ते पांढरंशुभ्र कापड मोकळ्या जागी पसरलं आणि त्यावर सगळ्या शेंगा ओतल्या. दोन-चार घरंगळत सोफ्याखाली गेल्या. मग एक शेंग उचलून ती दाराशी गेली आणि ती बाबांच्या तळव्यावर ठेवली.

बाबांनी शेंगेकडे पाहिलं. अंगठा दाबला. टच्.

"कवळ्या आहेत," ते म्हणाले, आणि बुटांसकट टेबलाशी येऊन बसले.

"ताई, आता हे कशाला?" मधला म्हणाला. "भात झालाय ना?"

"झालाय. तू सोल."

"अरे, पण मग हे वाटाणे..."

"नुसता उभा राहू नकोस!" थोरली खेकसली. "येत नसेल तर वाटेतून बाजूला हो!"

तो आवाज सगळ्यांच्या कानांवर कितीतरी दिवसांनी पडला होता. मग धाकटी खुदकन हसली, हसता हसता डोळे पुसले आणि बाह्या सरसावल्या.

"दादा सोलत नाही, खातो. आईनं त्याला कायम माझ्याशेजारी बसवलं आणि ढीग माझा कमी भरायचा."

"मी? बाबांना विचार कोण खायचं ते."

"मला मध्ये घेऊ नका," बाबा तोंडात वाटाणे घोळवत म्हणाले.

"बघा, वन्सं, पुरावा!"

मग काय, लागलं बोलणं. धाकटीला नवीन नोकरीत बॉस म्हणून जी बाई मिळाली होती ती निघाली, मधल्याचा गुडघा निघाला, आईनं एकदा मिठाऐवजी साखर घातलेलं सूप निघालं आणि ते कुणी मुकाट्यानं संपवलं यावरून भांडण निघालं. पांढऱ्या कापडावर हिरवे डाग पडले. सालींचा ढीग पेल्यांत जाऊन पडला. हॉटेलचा विषय निघाला तेव्हा मधला म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्याकडे. पण बाबा, शेंगा आमच्या बाजारातून नका घेऊ, तिथे जून मिळतात," आणि लगेच सोफ्याखालची शेंग काढायला वाकला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. थोरलीच्या आलं. तिनं मुद्दाम मान वर केली नाही, शेंग सोलत राहिली.

"मी सांगत नव्हतो," नवरा म्हणाला, "पण हे भांडं गार झालंय."

सूप गार, भात गार, पाव कडक. थोरली उठायला गेली.

"थांबा, गरम करते सगळं."

"सिस्टर," बाबा म्हणाले. पायांतले बूट त्यांनी केव्हाच टेबलाखाली काढून टाकले होते. "बस."

"बसा हो दाजी, तुम्ही पण," धाकटीनं खुर्ची ओढली. "पडदा नंतर धरा."

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून गार खाल्लं. सूप थोडं अळणी होतं. थोरलीनं हात पुढे केला, आणि मीठ कुणीच दिलं नाही. तिला मागावं लागलं.