खाणीवरची गल्ली

डोझरआजोबांनी सव्वीस वर्षं शहराचा कचरा बुलडोझरने दाबला. ते निवृत्त झाले, कचरा डेपो बंद झाला आणि काही वर्षांनी एक कंपनी आली. कचऱ्याचा जुना डोंगर उकरून ती त्यातलं लोखंड, काच, प्लास्टिक वेगळं काढायची, आणि जिथे उकरता येत नव्हतं तिथे नळ्या खुपसून आतला गॅस विजेसाठी ओढून घ्यायची. आजोबांची सून तिथेच निवडणीच्या कामाला लागली.

"मी पुरायचं आणि तू उकरायचं," आजोबा हसून म्हणायचे.

मग एक दिवस घरात वास यायला लागला. सुनेने सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला, तरी वास जाईना. ओट्याखालच्या फरशीला केसाएवढी भेग पडली होती. आजोबा गुडघे टेकून वाकले, भेगेला नाक लावलं, आणि तसेच खाली बसून राहिले.

"काय झालं, बाबा?"

"ही आख्खी गल्ली दगडखाणीवर आहे गं. सगळ्यात पहिला कचरा मी त्या खाणीत दाबला. वर मुरूम पसरला आणि आम्हा कामगारांनाच इथे घरं दिली. दहा वर्षांत सगळ्याची माती होते, असं तेव्हाचे साहेब म्हणाले. मीही मान डोलावली."

दुसऱ्या दिवशी दोघं कंपनीच्या इंजिनिअरकडे गेले. त्याने नकाशा उलगडला.

"आजोबा, इथे खाण नाही."

"नकाशा काढला तेव्हा ती भरलेली होती. मीच भरली."

"काही नोंद आहे का?"

"नोंद कशाला पाहिजे? मी जिवंत उभा आहे की समोर!"

इंजिनिअरने नकाशा गुंडाळून ठेवला.

सून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. कामावरचा गॅस मोजायचा मीटर तिने मागून घेतला आणि घरी भेगेवर धरला. मीटर किंचाळायलाच लागला. तो तसाच ओरडत असताना तिने मोबाइलवर चित्रण केलं आणि सकाळी इंजिनिअरला दाखवलं.

"मीटर बिघडला असेल," तो म्हणाला.

"काल याच मीटरच्या भरवशावर मला खड्ड्यात उतरवलंत. तेव्हा बरा चांगला होता?"

संध्याकाळी तिला निरोप मिळाला, उद्यापासून कामावर येऊ नको.

आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते दारोदार फिरले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या अठरा बायकांनी शेगड्या, पातेली, पोळपाट उचलले आणि कंपनीच्या कचेरीसमोरच्या पटांगणात स्वयंपाक मांडला. रखवालदार धावत आला.

"इथे चूल पेटवायला मनाई आहे!"

"घरी काडी ओढायची भीती वाटते," सून म्हणाली. "तुमच्या साहेबांना विचार, कुठे ओढू."

चार दिवस तिथेच भात शिजला, तिथेच पंगती बसल्या. पाचव्या दिवशी कंपनीचे बडे पाहुणे येणार होते. तेव्हा कुठे साहेबांना गल्लीची वाट सापडली. बोअरचं यंत्र आलं. नऊ मीटर खोलीवरून काळा, वाफाळता गाळ वर आला. त्यात एक चप्पल होती आणि वर्तमानपत्राचा अजून वाचता येईल असा तुकडा. इंजिनिअरने त्यावरची तारीख वाचली. तेहतीस वर्षांपूर्वीची. तो मान वर करेना.

गल्लीत तीन नळ्या बसल्या. वास गेला. सुनेला पुन्हा कामावर बोलावलं. खाणीतला गॅस डोंगरातल्यापेक्षा जास्त निघाला, म्हणून समारंभ झाला. "आमच्या सर्वेक्षणातून हा नवा साठा उजेडात आला," कंपनीचा मोठा साहेब ध्वनिक्षेपकावर म्हणाला. टाळ्या पडल्या.

आजोबा उभे राहिले. "कुठलं सर्वेक्षण? आमच्या पोरीबाळी याच साठ्यावर झोपत होत्या! सांगायला आलो तर कागद मागितलात आणि हिचं काम काढून घेतलंत!"

कुणीतरी गोड बोलून त्यांचा दंड धरला. तेवढ्यात सून उठली, तिच्यामागे सगळी गल्ली उठली. अर्धा मांडव रिकामा झाला. मोठ्या साहेबाचं भाषण मात्र चालूच होतं.

खाणीच्या सर्वांत खोल भागावरची दोन घरं रिकामी करावी लागली. ती कुटुंबं अजून पत्र्याच्या खोल्यांत आहेत. पक्की घरं कधी, ते कुणी सांगत नाही. दर सोमवारी आजोबा त्यांना घेऊन कचेरीत जातात. आत बोलावल्याशिवाय बाकावरून हलत नाहीत.