पाहुण्यांशिवाय चार दिवस

उज्जैनमध्ये घर असणं म्हणजे काय, ते तिथल्या घरच्या बाईला विचारावं. देव महाकालाच्या मंदिरात असतो, पण त्याच्या दर्शनाला येणारे उतरतात आमच्याकडे. आत्तेसासूबाईंच्या जावेचे भाऊ, बँकेतल्या साहेबांचे साडू, एकदा तर सोलापूरचे सहा जण, ज्यांचं आमच्याशी नातं काय ते त्यांची गाडी सुटेपर्यंत कळलं नाही. पूर्वी निदान पोस्टकार्ड यायचं. आता गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झालेत, तर लोक देवास गेटला बसमधून उतरतात आणि फोन करतात, "वहिनी, आलो आम्ही. घर नेमकं कुठे आलं?"

ब्याण्णवच्या सिंहस्थात नानाखेड्याच्या आमच्या तीन खोल्यांत महिनाभर रोज वीस-पंचवीस माणसं होती. मी परातीत पोहे भिजवत होते आणि माझे यजमान, माधवराव, दारात उभे राहून येईल त्याला आत घेत होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता. तोच मला सलायचा.

कारण आम्हाला मूल नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यावरून हे मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. पण पाहुणे गेले, गाद्या गुंडाळून झाल्या, की यांचा चेहरा उतरायचा आणि दोन दिवसांत कुणाला तरी पत्र जायचं, येऊन जा म्हणून. मग माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायचा. मी एकटी या माणसाला पुरत नाही. विचारायला कधी फुरसत नव्हती, आणि फुरसत असती तरी धीर नव्हता.

म्हणून त्र्याण्णवच्या डिसेंबरात यांना बँकेकडून एलटीसी, म्हणजे फिरायला जायचा खर्च, मिळाला तेव्हा मी हट्टालाच पेटले. "जिथे आपल्या ओळखीचा देव नाही, नातेवाईक नाही, फोन नाही, अशा ठिकाणी न्या मला."

"असं ठिकाण असतं का कुठे?"

"असतं. अंदमानात छोटी छोटी बेटं आहेत."

"खामखा एवढ्या लांब जायचं. आणि तिथे करायचं काय?"

"काही नाही. तुम्ही आणि मी."

यांनी पेपर तोंडासमोर धरला. मला तो पेपरही लागला.

मद्रासहून जहाज होतं. तीन दिवसांच्या त्या प्रवासात यांनी सात जणांना उज्जैनचं आमंत्रण दिलं. "या कधी, दर्शन करवतो. उतरायचं आमच्याकडेच." त्यांतल्या एका तमिळ गृहस्थांना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांना यांनी हात जोडून, घास दाखवून, उशाला हात घेऊन झोपल्यासारखं करून बोलावलं. मी रेलिंगला टेकून समुद्राकडे बघत राहिले. बोलून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी.

पोर्ट ब्लेअरहून आणखी एका बोटीने चार तास, तेव्हा आमचं बेट आलं. लाकडी धक्का, नारळीच्या बागा, थोडी घरं आणि दोन खोल्यांचं सरकारी विश्रामगृह. वीज संध्याकाळी तीन तास. तिथला चौकीदार बंगाली होता, स्वयंपाकही तोच करायचा. पाणी इतकं नितळ की कंबरभर आत उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसत. किनाऱ्यावर आम्ही दोघंच. मला वाटलं, आता बोलणं होईल.

पहिला दिवस शिंपले वेचण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी यांना काही सुचेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं. चौकीदाराची सायकल पुसून दिली. चारदा धक्क्यापर्यंत जाऊन आले, जशी काही बस यायची आहे. मी झाडाखाली बसून बघत होते. म्हटलं, रजनी, एवढे समुद्र ओलांडून आलीस, मिळालं ना उत्तर? आणि मी रडले. चांगली हमसून रडले, कुणी बघायला नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बोट आली. हे अर्थातच आधीपासून धक्क्यावर हजर होते. बोटीतून एक गृहस्थ, त्यांची बायको आणि म्हातारी आई उतरली. वाऱ्यावर मराठी ऐकू आलं आणि मी मनात म्हटलं, झालं, आले पाहुणे. सगळे मिळून विश्रामगृहाच्या ओट्यापर्यंत आले.

"आम्ही इंदूरचे, तुम्ही उज्जैनचे, मतलब घरचेच निघालात," गृहस्थ मला म्हणाले. मग यांच्याकडे वळले. "दुपारच्या बोटीने परत जाणार होतो. पण चौकीदार म्हणतो, एक खोली खाली आहे, कुणी नाही तिच्यात, फक्त दोन्हींचं बुकिंग तुमच्या नावावर आहे. तुम्ही हो म्हटलंत तर राहूनच जातो. मस्त पत्ते कुटू."

पत्ते म्हणजे यांचा जीव की प्राण. मी आत जाऊन सवयीने पाच कप काढले.

बाहेर हे कपाळ चोळत उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "नाही हो. नाही जमणार."

"का? कुणी येणार आहे का अजून?"

"कुणी नाही. खोली खालीच आहे. पण आम्ही दोघं आलोय ना. दोघंच राहावं म्हणतो."

गृहस्थ चपापले. त्यांच्या आईने मात्र यांच्याकडे नीट पाहिलं आणि ती म्हणाली, "राहा बाबा. आम्ही चहा घेऊन निघतो." दुपारी ते गेले. जाताना यांनी त्यांना उज्जैनचा पत्ता दिलाच. जित्याची खोड.

बोट लांब गेल्यावर मी धक्क्यावर यांच्याजवळ जाऊन बसले.

"कुणाला नाही म्हणायची पहिलीच वेळ," हे म्हणाले.

"मग का म्हणालात?"

"काल तू रडत होतीस. मी धक्क्यावरून पाहिलं."

"मग जवळ का नाही आलात?"

"काय बोलावं ते समजेना. घरी मधे कुणीतरी असतं ना."

तेव्हा मी विचारलं. बावीस वर्षं मनात साठलेलं एका दमात विचारलं. "मी पुरत नाही का तुम्हाला? कंटाळा येतो माझा?"

यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं.

"काल आला होता," हे म्हणाले. "दुपारी. फार आला होता."

"आणि आज?"

"आज नाही आला. अजून तरी."

"छे, छे" म्हणाले असते, तर त्या छे-छेवर मी जन्मभर संशय घेतला असता. हे मात्र खरं होतं. विश्वास ठेवण्यासारखं खरं होतं. मला हसू आलं.

"मलाही काल तुमचा आला होता," मी म्हटलं.

हे चमकून माझ्याकडे बघायला लागले. असंही होऊ शकतं, हे बावीस वर्षांत यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तेही हसले, थोडे ओशाळून. त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही धक्क्यावरून पाय सोडून शेजारी शेजारी बसलो, आणि मधे कुणी नव्हतं.